उसाचं वजन मातीतून येतं का? मुलांची समजूत आधी ऐकायची की सरळ उत्तर सांगायचं?

विज्ञान शिक्षक, पलूस
नववीच्या वर्गात विचारलं, "एकरी एवढे टन ऊस निघतो. पाणी वजा केलं, तरी बाकीचं वजन आलं कुठून?" बहुतेकांचं उत्तर: मातीतून आणि खतातून. याच मुलांनी चाचणीत प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बिनचूक लिहिलंय! बरोबर उत्तर सांगितल्यानं चुकीची समजूत जात नाही. ती मुलाच्या तोंडून बाहेर काढावी, लागला तर अख्खा तास द्यावा, मगच शिकवावं.

शिकवणीवाली, सांगली
सर, नाही पटलं. भरलेला वर्ग, तासाची मिनिटं मोजकी, पोर्शन कधी संपवायचा? शिवाय एकाची चूक ऐकून दहाजण तीच धरून बसतात. मी फळ्यावर साखरेचं सूत्र लिहिते: कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११. यात खतातलं नत्र, स्फुरद, पालाश कुठंच नाही. विषय संपला.

विज्ञान शिक्षक, पलूस
सूत्र मी जरूर वापरीन, मॅडम. पण ते बघून एक मुलगी म्हणाली असती, "कार्बन शेणखतात असतोच की, मुळं तोच घेत असतील." ही शंका ऐकली नाही, तर "तो पानांतून, हवेतून येतो" हे सांगायची गरजच आपल्याला कळत नाही.

ऊसवाला, वाळवा
मुलांचं चुकलं काय? खताचा डोस चुकला की टनेज पडतं. पालाश कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात. हे आम्ही डोळ्यांनी बघतो.

विज्ञान शिक्षक, पलूस
बरोबर आहे दादा, म्हणूनच त्या समजुतीला मी मूर्खपणा म्हणत नाही. खत लागतंच, पण वजन त्याचं नसतं. हेल्मोंट नावाच्या जुन्या काळच्या शास्त्रज्ञानं कुंडीत विलोचं झाड ५ वर्षं वाढवलं. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. हा प्रयोग १६४८ मध्ये छापून आला. तरी त्यानं सगळं श्रेय पाण्याला दिलं, हवा त्याच्याही लक्षात आली नाही. मी मुलांना गुऱ्हाळावर नेणार आहे. चुलवाणात दिवसभर वाळलेली चिपाडं जातात आणि संध्याकाळी राख किती निघते, ते त्यांनीच बघावं. मातीतून आलेलं ते तेवढंच.

रसायनवाला, तासगाव
थांबा. नत्रही मातीतूनच येतं आणि ते धुरावाटे निघून जातं, राखेत सापडत नाही. "मातीतलं तेवढंच" म्हणालात तर एक चूक काढून दुसरी पेराल. "मातीतल्या खनिजांचा बराचसा भाग" म्हणा.

विज्ञान शिक्षक, पलूस
मान्य. तसंच सांगेन.

शिकवणीवाली, सांगली
चुलवाण पटलं, पण प्रत्येक धड्याला हे जमायचं नाही. "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो" हे घ्या. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते. एका वाक्यात समजूत मोडते.

विज्ञान शिक्षक, पलूस
मोडते, पण मग मे का तापतो? त्याचं उत्तर मिळालं नाही, तर मूल परीक्षेनंतर पुन्हा जुन्याच समजुतीवर जातं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. अंगणात उभी काठी रोवली तर तिची सावली नाहीशी होते. तीच काठी डिसेंबरात रोवून दोन्ही सावल्या मापायला लावा.

शिकवणीवाली, सांगली
मेमध्ये शाळेला सुट्टी असते, सर. काठी घरी रोवायला सांगेन, पण वर्गात जानेवारीचं वाक्य आधी.