सहाराची धूळ ॲमेझॉनला खरंच जगवते का?

भूगोलवेडा:
सहारा सोलर पॅनलने नाहीतर झाडांनी झाकून टाका, नुसती पडीक जागा आहे, असं हल्ली सर्रास ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. चाडमधला बोडेले खळगा घ्या. काही हजार वर्षांपूर्वी तिथे प्रचंड तळं होतं, ते आटलं आणि तळाशी राहिली डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची पांढरी भुकटी. टिबेस्टी आणि एनेडी या डोंगरांमधून वारा घुसतो तो नेमका हिच्यावर, आणि आपल्याकडे थंडी असते त्या दिवसांत ही धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनवर जाऊन पडते. नासाच्या कॅलिप्सो उपग्रहाच्या २००७ ते २०१३ च्या मोजमापांवरून हिशोब निघालाय, वर्षाला साधारण २ कोटी ७७ लाख टन धूळ त्या खोऱ्यात पडते आणि तिच्यात २२ हजार टन फॉस्फरस, म्हणजे झाडांना वाढायला लागणारं अन्नद्रव्य, असतो. धो धो पावसाने जमिनीतला वाहून जातो, भरपाई धूळ करते. वाळवंट बंद पाडलं तर जंगल उपाशी मरेल.

कोरडवाहू:
आकडा मोठा दिसतो पण हेक्टरी काढा ना. त्याच अभ्यासात तो २३ ग्रॅमच्या आसपास दिलाय, अख्ख्या वर्षाचा! मी शेतकरी माणूस, डीएपी खताच्या ५० किलोच्या गोणीत १० किलो फॉस्फरस असतो, म्हणजे एक गोणी चारशेच्या वर हेक्टरला पुरली. एवढ्यावर जंगल जगतं हे मी मानणार नाही.

भूगोलवेडा:
दादा, तुम्ही सोयाबीन काढून बाजारात नेता म्हणून दर हंगामाला गोणी लागते, जंगलातून कोण काय नेतं? पान गळायच्या आधीच झाड त्यातला बराच फॉस्फरस परत ओढून घेतं, उरलेला पालापाचोळा कुजतो तसा मुळांवरची बुरशी टिपून घेते. तरी थोडा पाण्याबरोबर जातोच, आणि जेवढा जातो साधारण तेवढाच धुळीतून येतो. सगळा मुद्दा तिथेच आहे.

नीलमोहर:
पण सगळं श्रेय बोडेलेला कशाला? दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात कायेनला हवेचे नमुने घेऊन २०१९ मध्ये दाखवलंय की आफ्रिकेत गवत-झाडोरा जळतो त्याचा धूरही फॉस्फरस घेऊन येतो, कदाचित निम्म्यापर्यंत. आणि धुरातला पाण्यात जास्त विरघळतो, म्हणजे झाडाला लवकर मिळतो, धुळीतला बराचसा खनिजात अडकलेला असतो. ते 'उपाशी मरेल' मागे घ्या.

भूगोलवेडा:
धुराचं मान्य, आणि 'उपाशी मरेल' जास्तच झालं, घेतो मागे. पण अडकलेला हळूहळू सुटतोच ना! हवाईतलं कवाई बेट बघा, तिथली जमीन सुमारे ४० लाख वर्षं जुनी, मूळ खडकातला फॉस्फरस संपत आलेला, आणि तिथलं जंगल आशियातून उडत आलेल्या धुळीतल्या फॉस्फरसवर तगून आहे हे १९९९ मध्येच मांडलं गेलंय. शिवाय ब्राझीलमध्ये मनाउसजवळच्या जंगलात खतं टाकून बघितली, २०२२ मध्ये निकाल छापून आला, नत्राने फरक पडला नाही, फॉस्फरसने मुळं आणि पानं वाढली.

कोरडवाहू:
मनाउसला वर्षाला हेक्टरी ५० किलो टाकला होता हो, २३ ग्रॅम नाही! आणि तरी दोन वर्षांत खोडाची वाढ हललीच नाही. कवाईचं पटलं, लाखो वर्षांच्या मापाने धूळ मोठी, हे मान्य. पण आज जंगल जातंय ते करवतीने आणि आगीने. झाडं तोडून पेटवली की राखेतला फॉस्फरस पावसाने धुपून जातो, मग तिथे सोयाबीन पेरणारा गोणीच विकत आणतो. त्याबद्दल आधी बोला की.

नीलमोहर:
करवतीबद्दल दुमत नाहीच. पण धूळही दरवर्षी सारखी नसते, २००७ ची सगळ्यात जास्त आणि २०११ ची सगळ्यात कमी यांच्यात ८६ टक्क्यांचा फरक होता, साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, पाऊस चांगला झाला की पुढच्या वर्षी धूळ कमी येते असं दिसलंय. एवढ्या चढउतारातही जंगल उभं आहे, म्हणजे एखाद्या कोपऱ्यात पॅनल लावल्याने लगेच काही होणार नाही.

भूगोलवेडा:
ताई, कमीजास्त होणं वेगळं आणि कायमचं थांबवणं वेगळं. पॅनल कुठेही लावा, बोडेलेवर एकही नको, यावर मी ठाम आहे.