दोन मोबाईलचे स्टिरिओ फोटो वर-खाली होतात, डीप लर्निंगने जुळतील का?

कुशावतीकाठ: मंडळी, गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळला नदीकाठी जांभ्या दगडात कोरलेली चित्रं आहेत ना, बैल, मोर, तो गोल चक्रव्यूह, ती मी दोन मोबाईल एका पट्टीवर लावून टिपतोय, म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्यांसारखे दोन फोटो मिळून खोली दिसावी, पावसाआधी आटपायचंय. पण बैलाचं शिंग डाव्या फोटोपेक्षा उजव्यात 40 पिक्सेल खाली येतं, व्ह्यूअरमधून (एकेका डोळ्याला एकेक फोटो दाखवणारा चष्मा) बघितलं की डोकं धरतं. सिफ्ट (दोन फोटोंतले सारखे बिंदू शोधायची जुनी पद्धत) वापरलं तर जांभ्याची भोकं सगळी सारखीच, निम्मे मॅच चुकले. मग होमोग्राफी, म्हणजे एक फोटो सपाट धरून दुसऱ्यावर बसवायचं गणित, काढणारं डीप लर्निंगचं न्यूरल नेटवर्क लावलं, फोटो एकावर एक बसले पण खोलीच गेली, दगड कागदासारखा दिसतो. काय चुकतंय?

फोंड्याहून: दादा, तुम्ही त्याला उजवा फोटो डाव्यावर चिकटवायला सांगितलंत आणि त्याने तेच केलं. स्टिरिओत फक्त उभा फरक घालवायचा, आडव्याला हात लावायचा नाही, खोली त्यातच असते. लेन्सची फोकल लांबी 3000 पिक्सेल, दोन मोबाईलमधलं अंतर 12 सेमी, दगड 1.2 मीटरवर धरला तर आडवा फरक 300 पिक्सेल, त्यात 1 सेमी खोल रेघेचा वाटा जेमतेम अडीच पिक्सेल. नेटवर्क फोटो लहान करून घेतं, एवढं बारीक त्यात कुठलं टिकायला! सुपरपॉइंटने ठळक बिंदू काढा, लाइटग्लूने जुळवा (दोन्ही डीप लर्निंगचीच साधनं), लाइटग्लू आजूबाजूचे बिंदूही बघतं म्हणून भोकांना कमी फसतं. मग रॅन्सॅकने, म्हणजे चुकीचे मॅच गाळून, फंडामेंटल मॅट्रिक्स (दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंतलं भौमितिक नातं) काढा आणि रेक्टिफाय करा, म्हणजे तोच बिंदू दोन्ही फोटोंत एकाच आडव्या रेषेत येईल.

डिचोलीकर: इथे एक मोठी अडचण आहे. सगळे बिंदू एकाच सपाट दगडावर असले तर फंडामेंटल मॅट्रिक्सला एकच उत्तर नसतं, मॅच कितीही चांगले असू देत, दर फोटोला वेगळंच काहीतरी येणार. म्हणून पट्टी घट्ट आवळा, फोकस लॉक करा, स्टॅबिलायझेशन बंद करा, ते लेन्स हलवत राहतं, आणि बुद्धिबळाच्या पटाचे पंधरा-वीस फोटो काढून ओपनसीव्ही या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ कॅलिब्रेशन, म्हणजे दोन कॅमेऱ्यांची एकमेकांच्या तुलनेत नेमकी जागा मोजणं, एकदाच करा. राहिलेला एखाद-दुसरा पिक्सेल लाइटग्लूवर सोडा. आणि हात जोडून सांगतो, रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरू नका त्यात.

कुशावतीकाठ: खडू कधीच नाही, सकाळचं तिरपं ऊन पुरतं. पट काचेवर चिकटवून कॅलिब्रेशन केलं, पहिल्यांदा तरी 6 पिक्सेल राहत होते, बघतो तर उजव्या मोबाईलचा फोकस लॉकच झाला नव्हता. तो केला नि उभा फरक एका पिक्सेलच्या आत आला. चक्रव्यूहाच्या रेघा आता खोल दिसतात, एके ठिकाणी कड झिजलीय तीसुद्धा कळते. दोघांचे मनापासून आभार, रविवारी मोराचे फोटो परत काढतो.