वाचून कळवणं: अभिप्राय, दाद, शेरा की टीका?

मूळ प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

दिवाळी अंक वाचून झाले की आवडलेल्या किंवा अडलेल्या लेखाबद्दल मी लेखकाला सविस्तर पत्र लिहिते. वाचकाच्या अशा लिहिण्याला मराठीत नेमकं काय म्हणावं?

'प्रतिक्रिया' मला पटत नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात ती क्रियेइतकीच आणि उलट दिशेची असते, शिवाय तत्काळ. चार दिवस मनात घोळवलेल्या पत्राला ते नाव कसं द्यायचं? 'अभिप्राय' म्हणावं तर तो फायलीवर विभागांकडून मागवतात, नाहीतर प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत 'स्तुत्य उपक्रम' असा लिहून माणूस पुढे जातो. माझ्याकडे तर कुणी काही मागितलेलंही नसतं.

प्रश्न का पडला तेही सांगते. पंचगंगेच्या पुरावरच्या एका लेखात 'नदी धोक्याच्या रेषेवर' एवढंच होतं. मी लेखकाला कळवलं की राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, आणि पावसाळ्यात आपल्या गावात माणसं भेटल्यावर पहिल्यांदा 'पाणी किती फुटांवर?' असंच विचारतात. 2019 च्या पुरात त्या आकड्यांवर घरं सोडायची की थांबायचं हे ठरत होतं. लेखात हे आलं तर तो आणखी खरा होईल, एवढंच माझं म्हणणं. उत्तर आलं, 'टीकेबद्दल आभारी आहे.' फार वाईट वाटलं. मी टीका केलीच नव्हती.

उलट गुऱ्हाळावर लिहिणाऱ्या एका लेखिकेला मी विचारलं होतं की पाक झाला हे गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, कळतं कसं. त्यांनी दोन पानं भरून लिहिलं. काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, थोडा पाक थंड पाण्यात सोडून त्याची गोळी वळते का हे कसं बघतात, आणि गुळव्याने मान हलवेपर्यंत गुऱ्हाळावर कुणी बोलायचं नाही, हे सगळं. ते लेखात नव्हतं. माझ्या प्रश्नामुळं त्यांना वडिलांचं गुऱ्हाळ आठवलं, असंही लिहिलं होतं. अशा एका उत्तरावर पुढची कित्येक पत्रं लिहायचं बळ येतं.

उत्तर (गडहिंग्लज)

ताई, तुम्ही टीकाच केलीत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडून सांगणं. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर जी लिहिली ती टीकाच, म्हणून तिचं नाव 'भावार्थदीपिका'. मूळ ग्रंथाशेजारी बसून, त्यातलं दडलेलं उजेडात आणणारा तो टीकाकार. गीतेत ज्ञानेश्वर चुका काढत बसले असं कुणी म्हणेल का? पुढे वर्तमानपत्रांत 'विरोधकांची सरकारवर टीका' एवढ्याच अर्थानं शब्द फिरत राहिला आणि झोड उठवणं हाच अर्थ उरला. मराठी शिकवताना मला हे दर वर्षी नव्यानं समजावावं लागतं. 39 आणि 43 फुटांचा फरक सांगून तुम्ही त्या लेखकाच्या एका ओळीचा अर्थ उलगडलात. तुम्ही जुन्या अर्थानं लिहिलंत आणि त्यांनी नव्या अर्थानं वाचलं, एवढंच झालं.

उत्तर (मंगळवार पेठ)

सरांचं पटलं, पण 'दाद' सोडू नका. या शब्दावर माझा जीव आहे.

फारसीत दाद म्हणजे न्याय. 'कोर्टात दाद मागणं' यात तो अर्थ अजून शाबूत आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्याकडे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्याआधी आपल्या सहा जिल्ह्यांना दाद मागायला मुंबई गाठावी लागायची. तोच शब्द गाण्याच्या बैठकीत आला, आणि तिथंही त्याचा अर्थ न्यायच राहिला, असं मी मानतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यामुळं त्यांच्या गायकीचा कान या गावाला आहे. त्या गायकीत तान कुठून वळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते हे ज्यानं मनात धरलेलं असतं, त्याच्याच तोंडून नेमक्या जागी 'वाहवा' निघतं. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेत जुन्या श्रोत्यांच्या शेजारी बसून मी हे शिकलो. तालाचं आवर्तन उलटल्यावर आलेली वाहवा गवयाला उपयोगाची नसते. ज्या जागेसाठी त्यानं रियाज केला ती जागा समोरच्याला कळली, हा त्याचा हक्क त्याला त्या क्षणी मिळायला हवा. सरसकट सगळ्यालाच 'छान छान' म्हणणारा दाद देत नाही, तो री ओढतो.

आणि 'ताप औषधाला दाद देत नाही' म्हणतो तेव्हा? तिथं दाद म्हणजे जुमानणं. तुमच्या पुराच्या लेखकानं तुमच्या पत्राला दाद दिली नाही, असंही म्हणता येईल. गुऱ्हाळाच्या लेखिकेला मात्र तुम्ही दिलीत, कारण कुठं थांबून विचारायचं ते तुम्हाला कळलं.

उत्तर (कागल)

'शेरा' नको. तहसीलदार कचेरीत अर्ज घेऊन गेलं की 'साहेबांचा शेरा घेऊन या' म्हणतात. प्रगतिपुस्तकावरही गुरुजीच शेरा देतात. शेरा वरून खाली येतो. बरोबरीच्या माणसानं दिला की त्याला शेरा मारणं म्हणतात, आणि तो लागतो.

उत्तर (शाहूपुरी)

सगळे वाचकाच्या पत्राचं नाव शोधताय. मला लेखकाकडून काय यावं त्याचा शब्द महत्त्वाचा वाटतो. तो आहे, 'पोच'. आमच्या वडिलांच्या पत्रांत शेवटी 'पत्राची पोच द्यावी' असायचंच. लांब उत्तराची अपेक्षा नसायची. तुमचं म्हणणं हाती आलं, वाचलं, एवढं कळलं की पुरे. आणि आपल्याकडे 'त्याला काय पोच न्हाई' म्हणतात, तेव्हा समज नाही असा अर्थ असतो. कागद पोचणं आणि म्हणणं पोचणं, दोन्ही याच शब्दात. 'टीकेबद्दल आभारी आहे' ही पहिल्या अर्थानं पोच होती, बाई. दुसऱ्या अर्थानं नव्हती, म्हणून तुम्हाला लागलं.

मूळ प्रश्नकर्ती

काका, अगदी हेच. मला शब्द मिळत नव्हता.

सर, 'टीका' जुन्या अर्थानं वापरावा असं मनात फार येतंय. पण पत्राच्या पहिल्या ओळीत 'आपल्या लेखावर टीका लिहीत आहे' म्हटलं तर पुढचं कोण वाचेल? 'टिपण' चालेल का?

उत्तर (गडहिंग्लज)

टिपण माणूस स्वतःसाठी काढतो, पाठवायला नाही. 'टीका'च लिहा, आणि त्याच ओळीत 'म्हणजे आपल्या लेखातलं मला उलगडलेलं' असं जोडा. मी माझ्या वर्गात या आठवड्यात मुलांना एकमेकांच्या निबंधांवर याच नावानं लिहायला सांगतोय. शीर्षकाखाली अर्थ फळ्यावर लिहून ठेवीन.

उत्तर (मंगळवार पेठ)

सर, मुलांनी काय लिहिलं ते इथं जरूर कळवा. आणि ताई, त्या पुराच्या लेखकाला पुन्हा एकदा लिहा. 39 आणि 43 चा फरक त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.