निकृष्ट औषधांच्या यादीत आपल्या गोळीचे नाव दिसले तर काय करावे?

प्रश्न

माझे वडील रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी घेतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाच्या कसोटीस न उतरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीच्या एका पानाचे छायाचित्र आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आले आणि त्यात टेल्मिसार्टनचे नाव वाचून वडिलांनी गोळी बंद केली आहे. या यादीचा नेमका अर्थ काय घ्यावा? शिवाय औषधांविषयी खात्रीची माहिती कुठे वाचावी? शोधायला गेले की औषधे विकणाऱ्यांचीच पाने आधी समोर येतात.

प्रतिसाद १ (औषधविक्रेता)

ताई, गोळी परस्पर बंद ठेवू देऊ नका, आजच डॉक्टरांशी बोला. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही आणि खरा धोका तिथेच असतो.

यादीत औषधाच्या नावापुढे बॅच क्रमांक, उत्पादक आणि नमुना कोणत्या चाचणीत नापास झाला हे दिलेले असते. नापास झालेली असते ती एका कंपनीची एक बॅच. त्यावरून त्या औषधाच्या सगळ्या गोळ्या वाईट ठरत नाहीत. गोळी ठरलेल्या वेळेत विरघळली नाही किंवा तिच्यातील मूळ घटक प्रमाणापेक्षा कमी भरला, अशी कारणे तिथे आढळतात. दुसऱ्याच्या नावाने बनवलेले बनावट औषध हा निराळा आणि कितीतरी गंभीर प्रकार आहे. वडिलांच्या पाकिटावरील बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव यादीशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर ते पाकीट बिलासह दुकानात परत करून दुसऱ्या बॅचचे घ्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा. ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केल्यास बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक दिसतो.

प्रतिसाद २ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

वरील सल्ला योग्यच आहे, मात्र यादीकडे कोणी दुर्लक्षही करू नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. तो काळ पाहिलेल्या आमच्यासारख्यांना नापास बॅचची नावे दरमहा उघडपणे छापली जातात, हे फार मोलाचे वाटते.

माहितीसाठी औषध नेहमी मूळ नावाने शोधा, कारण एकाच ब्रँडच्या नावात एखादे अक्षर जोडून वेगळ्याच घटकांची गोळी विकली जाते. डॉक्टरांसाठी भारतीय औषधसंहिता आयोगाची राष्ट्रीय औषधसूची आहे. सामान्य वाचकाला अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे मेडलाइनप्लस अधिक सोपे जाईल. तिथे जाहिराती नसतात आणि इंग्रजी साधे असते. मात्र आपले पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन या नावाने आणि साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल या नावाने सापडेल. शिवाय तेथील परवानगी ही आपल्याकडची परवानगी नव्हे: निमेसुलाइड हे वेदनाशामक अमेरिकेत कधी मंजूरच झाले नाही, तर आपल्याकडे २०११ मध्ये ते फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी बंद करण्यात आले.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बॅच क्रमांक जुळत नाही. डॉक्टरांशी बोलून वडिलांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. पण यादीत नसलेल्या औषधाविषयीच शंका आली, तर सामान्य माणसाला ते तपासून घेता येते का?

प्रतिसाद १ (औषधविक्रेता)

येते, आणि ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकतो आणि त्याचा अहवाल मिळवू शकतो. म्हणूनच बिल घेतल्याशिवाय औषध घेऊ नका आणि पट्टी कापून घ्यायची असेल, तर बॅच क्रमांक छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असे पाहा. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. त्यासाठी डॉक्टरांचीच सही लागते असे नाही.