‘झिरो करणे’ला आपला शब्द कोणता? शिस्त, नेम, माशी, कुंदा

टिळकवाडी, बेळगाव:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं रायफलीच्या सरावाला येणारी बरीच पोरं खानापूर, चंदगड भागातल्या मराठी शाळांतून आलेली आहेत. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफल कशी लावून घ्यायची, याचं चार पानी टिपण त्यांच्यासाठी मराठीत लिहायला घेतलंय. दुर्बीण, नळी, चाप, लाकडाला दस्ता, इथवर निभावलं. ‘झिरो करणे’पाशी, म्हणजे दुर्बिणीत धरलेल्या जागीच गोळी लागेल अशी रायफल लावून घेण्यापाशी, अडलोय. एकानं ‘शून्यीकरण’ सुचवलं, पण ते वाचून पोरगं विचारणार, सर, कशाचं शून्य करायचं? तंबोरा मिळवतात तसं ‘मिळवणे’ मनात आलं होतं. पण ‘रायफल मिळवली’ म्हटलं की रायफल हाती आली, एवढाच अर्थ होतो. ‘बेडिंग’ (रायफल लाकडात घट्ट बसवणं) आणि ‘ग्रुप’ (ओळीनं झाडलेल्या गोळ्यांची भोकं मिळून) यांनाही शब्द हवेत.

निपाणी:
‘नेम बसवणे’ लिहा की. नेमबाज, नेमबाजी हे शब्द आता घराघरांत आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य घेतलं, तेव्हा आमच्याकडं चहाच्या गाड्यावरसुद्धा ‘काय नेम आहे पोराचा’ हेच ऐकू येत होतं.

खानापूर:
निपाणीकर, तुम्ही म्हणता ते गोड आहे, पण माझी हरकत आहे. नेम माणसाचा असतो आणि झिरो रायफलीचा. नेम चांगला असलेल्या माणसाच्या हातात झिरो नसलेली रायफल दिली, तर गोळ्या एकाच जागी जातील, पण भलत्याच जागी. हा फरक पोरांना पहिल्या दिवशी कळला पाहिजे, म्हणून शब्दही वेगळा हवा.

पलटणीत आमचे उस्ताद हिंदीत शिकवायचे: पोझिशन, शिस्त, सांस, ट्रिगर. ‘शिस्त लो’ म्हटलं की आमच्या भागातलं नवं पोरगं ताठ उभं राहायचं. शाळेत शिस्त म्हणजे रांग, गणवेश आणि छडी. पण मराठीतच शिस्त म्हणजे नेम हा अर्थ जुना आहे. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात तो दिलेला आहे. मूळ फारसी ‘शस्त’, म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ती अंगठीही. माझे आजोबा ठासणीची बंदूक बाळगायचे, रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून. ते ‘शिस्त धरून मार’ असंच म्हणत.

आणि हे बघा, ‘नेम’चंही तसंच आहे. संस्कृत ‘नियम’वरून आलेला नेम, नेमधर्म, नित्यनेम यांतला. त्याच शब्दानं आपण निशाणाही धरतो. एक शब्द फारसीकडून आला, दुसरा संस्कृतकडून, आणि दोघांनी मराठीत तेच दोन अर्थ सांभाळले. मला हे फार मोलाचं वाटतं. गोळी लागते ती एकदा साधलं म्हणून नव्हे. गाल रोज त्याच जागी, खांदा त्याच जागी, श्वास सोडून थांबायचं ते त्याच ठिकाणी. नेम धरणाऱ्याला नेम पाळावाच लागतो.

म्हणून माझी सूचना: शिस्त जुळवणे. दुर्बिणीतून जाणारी नजर सरळ जाते; गोळी किंचित वर उठून मग खाली येत जाते. या दोन रेषा ठरलेल्या अंतरावर, बहुतेक 100 मीटरवर, एका ठिकाणी आणायच्या. जुळवणे म्हणजे दुसरं काय?

अजून एक. ‘दस्ता’ अख्ख्या लाकडाला म्हणू नका. खांद्याला टेकतो तो दस्ता. नळी ज्यात बसते ते सगळं लाकूड म्हणजे कुंदा. हाही फारसी, अर्थ ओंडका. बेळगावात कुंदा म्हटलं की आधी मिठाईच आठवणार, तेव्हा टिपणात पहिल्यांदा ‘बंदुकीचा कुंदा’ असं लिहा. पुढं नुसता कुंदा चालेल.

उद्यमबाग, बेळगाव:
बेडिंगला ‘बैठक’. मी लेथवर असतो. आमच्याकडं मशीनची बैठक नीट नसेल तर माप येत नाही, हे शिकाऊ पोरगंही सांगतं. रायफलीचं तेच. नळीमागचा पोलादी भाग कुंद्यात डुगडुगता कामा नये. म्हणून मध्ये रेझिन भरून त्याच्या आकाराचा साचा करून घेतात.

बैठक न बघता शिस्त जुळवायला गेलो आणि अख्खी सकाळ घालवली, ते सांगतो. जुलै होता, इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. .22 रायफल, 50 मीटर. भोकं डावीकडं जाताहेत म्हणून दुर्बिणीवरचा, गोळीची जागा सरकवायचा डायल उजवीकडं फिरवला. पुढच्या पाच त्याच्याही पलीकडं. परत फिरवला. शेवटी थांबून दहाची नोट नळी आणि कुंद्याच्या फटीत घातली. पुढून मागं सहज सरकायला हवी. ती निम्म्यावरच अडली. ओलीनं लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. मागचा स्क्रूही हातानं अर्धा फेरा फिरला. तेवढी फट तासून घेतली, स्क्रू टॉर्क पान्यानं आवळले, आणि मग पाच भोकं एकमेकांना लागून आली. डायलचा त्यात काहीच दोष नव्हता.

दुर्बिणीतल्या क्रॉसहेअरला आम्ही ‘फुली’ म्हणतो. ती उभी आहे का हे बघायला लांबवर ओळंबा टांगतो आणि उभी रेघ दोरीवर आणतो. फुली कलली असली तर 50 मीटरवर फारसं जाणवत नाही. 300 वर डायल वर चढवला की गोळी बाजूला सरकलेली दिसते. ओळंबा शब्द मात्र टिपणात ठेवा सर. गवंड्याच्या घरची पोरं लगेच ओळखतील.

टिळकवाडी, बेळगाव:
शिस्त, बैठक, फुली, ओळंबा, चारही घेतले. बापूंचे (खानापूर) विशेष आभार. आता ‘मिनिट ऑफ अँगल’चं, म्हणजे डायल ज्या कोनाच्या मापात फिरतो त्याचं, काय करू? ‘कोनाचं मिनिट’ लिहिलं तर पोरं घड्याळाकडं बघतील.

शहापूर, बेळगाव:
याला शब्द आपल्या पंचांगात आहे: कला. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. ग्रहांचे अंश-कला छापलेले असतात, तीच ही कला. 100 मीटरवर एक कला म्हणजे सुमारे 29 मिलिमीटर, 300 मीटरवर सुमारे 87. आंतरराष्ट्रीय 300 मीटरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ 100 मिलिमीटरचं असतं. म्हणजे एका कलेत राहणारा नेमबाज दहात राहतो. डायलच्या एका क्लिकला ‘खटका’ म्हणा. पाव कलेचा खटका 100 मीटरवर गोळी साधारण 7 मिलिमीटर हलवतो. ज्यांची दुर्बीण मिल या कोनाच्या दुसऱ्या मापात आहे त्यांचा हिशेब सोपा, 0.1 मिलचा खटका 100 मीटरवर 1 सेंटिमीटर.

गोकाक:
कन्नडमध्ये ‘गुरी’. निशाणाही गुरी आणि आयुष्यातलं ध्येयही गुरी. आमच्यात दोन्ही भाषांची पोरं एकाच चटईवर आडवी होतात, तेव्हा कंसात गुरी लिहिलंत तर बरं. आणि ‘माशी’ विसरू नका. उघड्या साइटवर, म्हणजे दुर्बिणीशिवाय, शिकणाऱ्याला नळीवरच्या पुढच्या टोकाला माशीच म्हणायची सवय आहे. ग्रुपला मी ‘पुंजका’ म्हणेन; घोळका हलता वाटतो.

टिळकवाडी, बेळगाव:
पुंजका पक्का. पहिलं पान असं झालंय, चूक दिसली तर सांगा:

“आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोट चापाबाहेर ठेवा. बैठक तपासा, नोट सरकवून बघा. ओळंब्यावर फुली उभी करा. डोळे मिटून गाल कुंद्यावर ठेवा. उघडल्यावर दुर्बिणीत काळी कड न दिसता पूर्ण गोल दिसला पाहिजे. नसेल तर मान हलवू नका, दुर्बीण पुढं-मागं घ्या, गालाखालचा टेकू उंच करा. मग पाच गोळ्या. एका गोळीवर डायल फिरवू नका. पुंजका कुठं पडला ते मोजा, तेवढे खटके द्या, परत पाच. पुंजका फुलीवर आला की शिस्त जुळली. तारीख, अंतर, वारा आणि काडतुसाची जात वहीत लिहा.”

खानापूर:
‘जात’ काढा, ‘काडतुसाचा लॉट’ (एका खेपेत बनलेला माल) लिहा. लॉट बदलला की शिस्त पुन्हा जुळवावी लागते. बाकी पान छापायला द्या सर.