रोडसाइड असिस्टन्स कुठून घ्यावं? इन्शुरन्सचं की शोरूमचं? (सोलापूर)

हुतात्माची_खिडकी
नमस्कार मंडळी, गाडीचा इन्शुरन्स याच महिन्यात रिन्यू करायचाय. २०१८ ची पेट्रोल वॅगनआर, कंपनीची वॉरंटी कधीच संपली. एजंट म्हणतोय रोडसाइड असिस्टन्सचं, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मदतीचं, अ‍ॅडऑन (पॉलिसीला जोडून मिळणारी जादा सोय) घ्या, दोन-तीनशेत होतंय. शोरूमवाला म्हणतोय आमचं घ्या, आणि मोबाइलवर तिसऱ्याच कंपनीचे मेसेज यालेत. आजवर कधी घेतलं नाही, सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढ्यात काय लागतंय म्हणून. पण गेल्या रविवारी तुळजापूरहून येताना तामलवाडीजवळ गाडी बंद पडली, दुपारचे दोन, आई आणि दोन पोरं गाडीत, चपलेखाली डांबर मऊ लागालतं. बॉनेट उघडून बघत उभा राहिलो, मला त्यातलं तेवढंच येतंय. शेवटी एका पिकअपवाल्यानं दोरी लावून तुळजापूर नाक्यापर्यंत आणली, अठराशे घेतले. अल्टरनेटर गेला होता. आता घरात सगळे म्हणालेत घेऊनच टाका, म्हणून विचारालोय, नेमकं काय बघून घ्यायचं? महिन्यातून एकदा पुण्याला आणि अधूनमधून विजापूरला जाणं असतंय.

कडक_भाकरी
आधी पॉलिसी कुठली आहे ते बघा. नुसती थर्ड पार्टी (समोरच्याचं नुकसान भरून देणारी) असेल तर हे अ‍ॅडऑन बहुतेक मिळत नाही, फुल इन्शुरन्स लागतो. दुसरं, बरेच जण मला म्हणतात की पॉलिसीत टोइंग आधीच आहे. आहे, पण ते अपघात झाला तर, जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला, खाजगी गाडीला १५०० रुपयांपर्यंत. तुमच्यासारखं नुसतं बंद पडलं तर त्यातून छदाम मिळत नाही.
आणि हायवेवर असाल तर १०३३ लावायचा, हायवेवाल्यांची क्रेन येते. ती गाडी रस्त्यातून बाजूला काढून देते, तुमच्या गॅरेजपर्यंत सोडत नाही, पण लेकरंबाळं गाडीत असताना तेवढंही लई झालं.

शेंगाचटणी_कमी_तिखट
किंमत बघू नका ओ, किलोमीटर कसे मोजतात ते विचारा. माझ्याकडे होतं अ‍ॅडऑन, कंपनीचं नाव घेत नाही. पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे रात्री साडेदहाला क्लच प्लेट गेली. फोन लावला, पोरगी हिंदीत विचारतीय पिनकोड सांगा, लँडमार्क सांगा. अहो तिथं डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला ऊस, काय लँडमार्क सांगू? शेवटी मोबाइलची टॉर्च लावून मागं चालत गेलो, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचला, तेव्हा कुठं तक्रार नोंदली. गाडी आली पावणेदोनला. मला वाटलं ५० किलोमीटर फ्री आहे म्हणजे सोलापूर आरामात बसतंय, तर तो म्हणतोय माझ्या यार्डापासून निघालो तिथून मीटर चालू, जाऊन येऊन धरायचं, वरचे पैसे रोख द्या. रात्री दोनला कुणाशी भांडणार, दिले. दुसऱ्या दिवशी पॉलिसीची पीडीएफ उघडली तर खरंच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.
म्हणून फोन करून तीन गोष्टी लेखी घ्या. किलोमीटर कुठून कुठवर, वर्षातून किती वेळा, आणि गाडी माझ्या गॅरेजला सोडणार की त्यांच्याच. विजापूरला जाताना टाकळीचा पूल ओलांडला की कर्नाटक, तिकडं चालतंय का तेही विचारा.

अक्कलकोट_रोड_गॅरेज
मी गॅरेजवाला. सगळ्यांना सांगतो, पंक्चरला येतात म्हणजे तुमची स्टेपनी बसवून देतात. स्टेपनीत हवा नसेल तर तो तरी काय करणार. पेट्रोल आणून देतात, पेट्रोलचे पैसे सहसा तुमचेच. बॅटरीला जंप देतात, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करून देतात, नवी बॅटरी फुकट मिळत नाही.
आणि ते दोरीनं ओढणं परत करू नका. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर चालत नाही, पेडल दगडासारखं होतं, बॅटरी बसली असेल तर स्टेअरिंगही जड. नशीब चांगलं तुमचं. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागायचा, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली की गिअरबॉक्सचं काम निघतं, मग बसा बोंबलत.
शोरूमचं महाग असतं पण गाडी त्यांच्याच वर्कशॉपला न्यायची असेल तर बरं पडतं. तुमची २०१८ ची, बाहेरच काम करत असाल तर इन्शुरन्सचं घ्या.

हुतात्माची_खिडकी
धन्यवाद सगळ्यांना. एजंटला आत्ता फोन केला, किलोमीटर कुठून मोजतात विचारलं तर म्हणे साहेब एवढं कुणी विचारत नाही, उद्या सांगतो. हे वापरून क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो का?

कडक_भाकरी
माझा नव्हता गेला, दोनदा वापरलं. टोइंग, जंपस्टार्ट हा डॅमेजचा क्लेम धरत नाहीत. तरी उद्या त्याला तेही विचारा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको.

अक्कलकोट_रोड_गॅरेज
स्टेपनीची हवा बघितली का?

हुतात्माची_खिडकी
खाली जाऊन बघून आलो. हवा आहे. जॅक आहे. पाना नाही.