मदत हवी आहे: क्रूझवर सिगारेट ओढणारे बाबा आणि दमा असलेली लेक, केबिन कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाचजण पहिल्यांदाच क्रूझला निघालोय, सात रात्रींची आहे. बाबा चाळीस वर्षं सिगारेट ओढतायत, दिवसाला दहा-बारा होतातच, आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला दमा आहे, शेजारून कोणी ओढत गेलं तरी खोकल्याची उबळ येते आणि इन्हेलर काढावा लागतो. घरी बाबा तिच्यासाठी जिना उतरून खाली जातात, भर पावसात सुद्धा, कधी कुरकुर नाही केली. पण बोटीवर खाली कुठे जाणार?

बुकिंगवाला म्हणाला बाल्कनीची केबिन घ्या, आजोबांची सोय होईल. मी पण तेच धरून चालले होते. मग काल रात्री बसून नियम वाचले तर बहुतेक कंपन्यांत केबिनमध्ये बंदी आहेच पण बाल्कनीतही बंदी आहे, आणि ई-सिगारेटलाही तोच नियम. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या सापडल्यावर 250 डॉलर सरळ बिलात लावतात. ओढायचं तर मोकळ्या डेकवर नेमून दिलेल्या जागी, किंवा काही बोटींवर कसिनोत.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, अगं समुद्रावर एवढा वारा, धूर राहतो का कुठे, कोणाला कळतंय. मला भीती वाऱ्याचीच आहे! मार्च 2006 मध्ये स्टार प्रिन्सेस बोटीला जमैकाच्या वाटेवर पहाटे तीनच्या सुमारास आग लागली, चौकशीत सगळ्यात शक्य कारण निघालं ते कोणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक, बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दोन बाल्कन्यांमधल्या आडभिंती पेटत गेल्या, 79 केबिन जळून गेल्या, एक प्रवासी दगावला. वरून भिरकावलेलं थोटूक वारा खालच्या बाल्कनीत आणून टाकतो म्हणे. हे वाचल्यापासून माझी झोप उडालीय, कारण बाबा पहाटेच उठतात आणि पहिली सिगारेट चहाच्या आधी लागते.

तर ज्यांनी क्रूझ केलीय त्यांनी सांगा, केबिन निवडताना काय बघायचं? बाल्कनी सोडून साधी खिडकीची घेऊ का, म्हणजे बाबांना मोहच नको? आणि लेकीला कसिनोतून जावं लागतं का, की दुसरी वाट असते? निकोटीन पॅचवर (सिगारेटची तलफ कमी करायला कातडीवर चिकटवायची पट्टी) कोणी असा प्रवास काढलाय का? बाबांना गुन्हेगारासारखं वाटू नये एवढंच बघायचंय. त्यांच्यासाठीच तर ही ट्रिप आहे.

प्रतिसाद:

ताई, बाल्कनी घ्या पण ती तुमच्यासाठी आणि लेकीसाठी, बाबांची केबिन आतली किंवा खिडकीची. घ्यायच्या आधी त्या बोटीचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडून स्मोकिंगची जागा कुठल्या डेकवर आणि कुठल्या बाजूला आहे ते बघा, तुमची केबिन विरुद्ध बाजूला आणि त्या जागेच्या बरीच पुढे घ्या, कारण बोट चालू असताना धूर मागे जातो. आम्ही हे न बघता घेतली आणि आठवडाभर बाल्कनीचं दार बंद ठेवून बसलो. कसिनो बऱ्याच बोटींवर थिएटर आणि जेवणाच्या हॉलच्या मध्येच असतो, पण एक डेक वर चढून पुढे जाऊन उतरता येतं, पहिल्याच दिवशी लेकीला घेऊन ती वाट शोधून ठेवा. इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला लावायची नळी) हातातल्या बॅगेत हवेत, मोठं सामान केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. पॅचचं डॉक्टरांना आत्ताच विचारा, किती ताकदीचा लावायचा ते रोजच्या सिगारेटींवर ठरतं आणि बाबांना बीपी, हृदयाचं काही असेल तर तेही सांगायला हवं. बोटीवर चढून पहिल्यांदा लावू नका, घरी सवय होऊ द्या.

आणि बाबांना दंडाचं सांगू नका, ती आग सांगा. माझ्या सासऱ्यांना दंडाचा राग यायचा, आगीचं ऐकल्यावर गप्प झाले.

धागाकर्ती:

खूप आभार दादा. आत्ताच बाबांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग विचारलं पॅच कुठे मिळतो. उद्या डॉक्टरांकडे जातोय. डेक प्लॅन मिळालाय, पण त्यात स्मोकिंगच्या खुणा दिसत नाहीयेत, त्या कुठे बघायच्या?